पहिल्या खोक्याची पूजा

आफ्रिकेतल्या शाळांना पुस्तकं पाठवणाऱ्या संस्थेत मी नोकरी करत होते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा हळवा होतो. "अगंबाई, किती पुण्याचं काम," असं कोणीतरी म्हणतं. मग मला खरं सांगावंच लागतं. माझं काम पुस्तकं पाठवण्याचं कमी आणि अडवण्याचं जास्त होतं. लोक प्रेमाने दहा पुस्तकं आणून देत, त्यातली सहा मी बाजूला काढत असे आणि पुढे त्यांचा लगदा होत असे. हे ऐकलं की समोरच्या बाई समोशांच्या टेबलाकडे निघून जातात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत माझी अशी बरीच माणसं गेली.

आमचं गोदाम लंडनजवळ वॉटफर्डच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं. एका बाजूला बाथरूमच्या टाइल्स, दुसऱ्या बाजूला टायर बदलणारं गॅरेज आणि मध्ये आम्ही. आधी बरीच वर्षं मी कौन्सिलच्या लायब्ररीत काढली होती. या गोदामात आले ती दोन हजार सालानंतर, मुलगी शिकून मार्गी लागल्यावर. पगारी माणसं तीनच. व्यवस्थापक मोरीन, मूळची ग्लासगोची, आधी प्राथमिक शाळेची हेडमिस्ट्रेस. खोकी बांधणारा आणि लॉरीत भरणारा डेस्मंड, तरुणपणी जमेकाहून आलेला, बस चालवून निवृत्त झालेला. आणि पुस्तकं निवडणारी मी, वसुधा परांजपे. परांजपे उच्चारताना सगळ्यांचीच जीभ अडखळायची, म्हणून मी तिथे मिसेस पी झाले.

काम समजायला सोपं होतं. शाळा, लायब्ररी, प्रकाशक आणि माळे आवरणारे लोक यांच्याकडून पुस्तकं यायची. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोरीनने एक कागद चिकटवला होता. त्यावर एकच प्रश्न होता: सत्तर मुलांसमोर उभ्या असलेल्या बाईंना याचा उद्या सकाळी उपयोग आहे का? नसेल तर पुस्तक बाद. कॅरॅव्हॅन दुरुस्तीची पुस्तकं बाद, व्हॅटचे नियम बाद, डाएटची पुस्तकं तर बघायचीच नाहीत. सोप्या इंग्रजीतल्या गोष्टी, एकाच पुस्तकाच्या तीस-तीस प्रती, पातळ शब्दकोश, प्राण्यांची चित्रं, फुटबॉल, शरीराची ओळख, हे सोन्यासारखं. दान म्हणजे घरातली अडगळ बाहेर काढायची संधी असं समजणारे लोक सगळ्या देशांत असतात, त्यात इंग्लंडचा दोष नाही.

एकदा एक गृहस्थ जुन्या ज्ञानकोशाचे चोवीस खंड घेऊन आले. कातडी बांधणी, सोनेरी अक्षरं. मी नकाशाचं पान उघडलं. निम्म्या आफ्रिकेची नावं तेव्हाच्या साहेबांनी ठेवलेली होती. मी नको म्हटलं तर ते रागावले. म्हणाले, "काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का?" मी म्हटलं, "ज्या मुलाला त्यात स्वतःचा देश सापडणार नाही, त्याला कसं बरं?" ते चोवीस खंड पुन्हा गाडीत भरून निघून गेले. महिन्याने आले, नव्या कोऱ्या ॲटलासचं एक खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि परत गेले. माझ्याही चुका झाल्या. बर्फाची पुस्तकं मी वर्षानुवर्षं बाद केली. तिकडच्या मुलांना बर्फाचं काय कौतुक, असा माझा शहाणपणा. लहानपणी साताऱ्यात बसून मी स्वतः बर्फाच्या गोष्टी डोळे विस्फारून वाचल्या होत्या, हे मला फार उशिरा आठवलं. त्याची रुखरुख अजून आहे.

आणखी एक नियम होता आणि तो पाळण्यात माझ्याइतकं खाष्ट कोणी नव्हतं. खोक्यातून झाडापानांतलं काही जाता कामा नये. पान, फूल, बी, गवताची काडी, काहीही. परक्या मुलखातली कीड शेतात शिरेल म्हणून कस्टम्सवाले याबाबत कडक असतात, आणि तसा कागद प्रत्येक कंटेनरबरोबर जातो. त्यावर सही माझी. इंग्रजांना पुस्तकात फुलं दाबून ठेवायची भारी हौस. म्हणून प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकायचं आणि जे पडेल ते कचऱ्यात टाकायचं. एकदा डेस्मंडने एक वाळलेलं डेझीचं फूल हळूच खिशात ठेवताना मी पाहिलं आणि सगळ्यांदेखत त्याला झापलं. तो फक्त म्हणाला, "कोणीतरी जपून ठेवलं होतं, मिसेस पी." मी म्हटलं, "त्यांनी जपलं, आपण झटकायचं."

डेस्मंडबद्दल अजून एक सांगायला हवं. मी नवीन असताना तो खोकी बुटाने सरकवायचा. पहिल्याच दिवशी माझ्या पायापाशी त्याने एक खोकं असं ढकललं आणि मी नकळत वाकून त्याला हात लावून नमस्कार केला. त्याने विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्यात पुस्तकाला पाय लावत नाहीत. त्यानंतर त्या माणसाने माझ्यासमोरच काय, माझ्यामागेही खोक्याला कधी पाय लावला नाही. गुडघे दुखत असूनही वाकून हाताने उचलायचा.

आता मुख्य गोष्ट. मलावीतल्या एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, ग्रेस बांदा, आमच्याकडे दोन आठवडे काम बघायला आल्या होत्या. उंच, शांत बाई. माझ्या डब्यातले पोहे खाता खाता एक दिवस म्हणाल्या, "मिसेस पी, रागावू नका. तुम्ही चांगली पुस्तकं पाठवता आणि ती कपाटात जातात."

"कपाटात म्हणजे?"

"कुलपात. किल्ली हेडमास्तरांकडे. ते वाईट नाहीत. पुस्तक हरवलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. इतकं नवं, इतकं चकचकीत पुस्तक मुलांच्या हातात द्यायला मलाही भीती वाटते."

मला हसू आलं, कारण मी त्या कपाटाला ओळखत होते. आमच्या साताऱ्याच्या शाळेत तसंच काचेचं कपाट होतं. आम्ही काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचायचो. "आमच्याकडे वर्षातून एकदा त्या कपाटाची पूजा व्हायची," मी म्हटलं. "फुलं वाहायचे, आरती करायचे आणि परत कुलूप." ग्रेस इतक्या हसल्या की पोहे बाजूला ठेवावे लागले.

परत गेल्यावर त्या बाईंनी हेडमास्तरांच्या मागे लागून वाचनाची खोली मंजूर करून घेतली. पालकांनी विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या. शाळा पुन्हा भरायच्या आत पुस्तकं पोहोचतील असा शब्द ग्रेसनी सगळ्या गावाला दिला आणि आम्ही ग्रेसना दिला. पंधरा शाळांचा माल एकाच कंटेनरमधून जाणार होता. सहाशेच्या वर खोकी. त्यातलं पहिलं खोकं मी ग्रेसच्या शाळेसाठी स्वतः निवडून भरलं आणि त्यावर मोठ्या अक्षरात '१' असा नंबर घातला.

लॉरी येणार होती शुक्रवारी. बुधवारी दसरा होता. दरवर्षी घरी पुस्तकांची पूजा करायची मी, त्या वर्षी मनात आलं की सहाशे खोकी समोर असताना घरातल्या चार पोथ्या कशाला पुजायच्या? दुपारी सगळे गेल्यावर मी पूजेची डबी काढली. खोकं नंबर एक उघडं ठेवलं. वरच्या पुस्तकावर हळदकुंकवाचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या, वेम्ब्लीच्या भारतीय दुकानातून आणलेली झेंडूची चार फुलं ठेवली. आणि ज्यांच्या घरी हे होतं त्यांना पुढचं माहीत आहे. पूजा मांडली की त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून मगच उचलायचं. मी नमस्कार केला, गोदामाचा दिवा घालवला आणि घरी गेले.

गुरुवारी माझी डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती. अकराला पोहोचले तर गोदाम रिकामं. लॉरी एक दिवस आधी आली होती. डेस्मंड त्या संध्याकाळी दोन महिन्यांसाठी बहिणीकडे जमेकाला जाणार होता, म्हणून त्याने पहाटेपासून एकट्याने सगळं बांधून, भरून, सील करून पाठवलं आणि तसाच विमानतळावर गेला. माझ्या टेबलावर फक्त एक केशरी पाकळी पडलेली होती. कंटेनरबरोबर गेलेल्या कागदावर, झाडपाला नाही असं लिहिलेल्या ओळीखाली, आठवड्यापूर्वी केलेली माझी सही होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डेझीच्या एका फुलासाठी म्हाताऱ्या माणसाला झापणारी मी, आणि चार झेंडू नि मूठभर तांदूळ मीच धाडले होते. उघडकीला आलं तर कंटेनर अडणार, कदाचित माल नष्ट करणार, आणि यापुढे आमच्या कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ग्रेस त्या नव्या खोलीत रिकाम्या फळ्यांसमोर उभ्या राहणार. चार दिवस मी गोदामात कोणाला काही सांगितलं नाही. मोरीनने चहा आणून दिला तरी मला वाटायचं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सापडलं तरच ना? सहाशे खोकी कोण उघडतंय." खरं सांगायचं तर मला ते हवंहवंसं वाटलं.

रविवारी बेसिंगस्टोकहून केतकीचा फोन आला. आमची मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, चूक छोटा आहे. पण तू लपवला तर मोठा होणार. तू मला लहानपणी हेच सांगितली ना? जस्ट टेल हर."

सोमवारी मी मोरीनला सांगितलं. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हेडमिस्ट्रेस असताना ती मुलांचं असंच ऐकून घेत असणार, त्यामुळे मला अजूनच लहान झाल्यासारखं वाटलं.

"राइट," शेवटी ती म्हणाली. "किती फुलं?"

"चार."

"आणि तांदूळ?"

"मूठभर. तूप लावलेले नव्हते."

तुपाचं मी का सांगितलं देव जाणे. मोरीनने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "तिकडे आपला माल सोडवणाऱ्या एजंटला कळवायचं. खोक्याचा नंबर देऊन. त्यांना वाटलं तर उघडतील. वसुधा, वीस वर्षं मी मुलांना सांगत आले की स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा कमी होते. आता खरं आहे का ते बघू." मग तिने डेस्मंडच्या भरण्याची यादी काढली आणि पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं. एक नंबरचं खोकं त्याने नंबराप्रमाणे सगळ्यात आधी आत ठेवलं होतं. म्हणजे कंटेनरच्या अगदी तळाशी, शेवटच्या भिंतीला टेकून. ते बघायचं तर सगळी खोकी बाहेर काढावी लागणार होती.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मलाच माहीत. जहाज गेलं, कंटेनर बंदरातून ट्रकवर चढला, त्याने सरहद्द ओलांडली. रोज सकाळी मोरीन संगणक उघडायची आणि मी पुस्तकं झटकत तिच्या पाठीकडे बघत बसायची. ग्रेसना मी पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार? झेंडूमुळे उशीर होईल असं? डेस्मंडला विचारावं असं एकदोनदा वाटलं, पण त्याच्या बहिणीचा नंबर कोणाकडे नव्हता. आणि खरं म्हणजे मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तो परतायच्या आठवड्यात मी मुद्दाम रजा टाकली.

त्या रजेतच मोरीनचा घरी फोन आला. एजंटची ईमेल आली होती. तिकडच्या अधिकाऱ्यांनी खरंच सगळी खोकी अंगणात उतरवली होती. एक नंबरचं कापून उघडलं, पुस्तकन् पुस्तक झटकलं. झाडपाला काही मिळाला नाही. तांदळाचा एक दाणासुद्धा नाही. फक्त वरच्या पुस्तकावर पिवळी-तांबडी पूड लागलेली होती. अधिकाऱ्याने ती हुंगून बघितली, आपल्या बायकोच्या स्वयंपाकघरात हीच असते म्हणाला, आणि माल सोडला. शाळा भरायला अजून पाच दिवस होते.

माझा जीव भांड्यात पडला. मी किचनमध्ये गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडले. रडून झाल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. फुलं गेली कुठे?

सोमवारी मी कामावर गेले तेव्हा डेस्मंड खोकी घडी करत बसला होता. मला बघून उठला आणि आपल्या खणातून एक लिफाफा काढून त्याने माझ्या हातात ठेवला. आत चार वाळलेली झेंडूची फुलं आणि पिवळे पडलेले तांदूळ.

"पहाटे खोकं बंद करताना बघितलं," तो म्हणाला. "तुमचं काहीतरी देवाचं असणार हे कळलं. घाईत चिठ्ठी लिहायची राहिली."

"तू टाकून नाही दिलंस?"

"पाठवायचं नाही एवढंच तुम्ही शिकवलं होतं, मिसेस पी. टाकायचं हे मला कधीच पटलं नव्हतं."

मी खाली बसले. लोकांनी पानापानांत जपून ठेवलेली फुलं मी वर्षानुवर्षं केराच्या डब्यात टाकत होते. आमच्याकडे देवाला वाहिलेलं सुकलेलं फूलसुद्धा कोणी असं टाकत नाही, झाडाच्या मुळाशी ठेवतात. ही साधी गोष्ट मला या माणसाकडून शिकावी लागली. मी त्याची माफी मागितली. त्याने "नो वरीज" म्हटलं आणि पुन्हा खोकी घडी करायला लागला. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक रिकामा डबा आला. पुस्तकातून पडलेली फुलं त्यात जायची, आणि डबा भरला की कॅनॉलच्या काठच्या एका झाडाखाली मी ती ठेवून यायची.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. दोन महिन्यांनी ग्रेसचं पत्र आलं. निळा हवाई कागद, सरळ उभी अक्षरं. त्या पत्राचा मला जमेल तसा अनुवाद देते.

"प्रिय मिसेस पी, तुमची वीस खोकी मिळाली. हेडमास्तरांनी एकोणीस खोकी नव्या खोलीत ठेवून त्या खोलीलाच कुलूप लावलं. मी तुम्हाला सांगितलं होतं तसंच. पण पहिलं खोकं अधिकाऱ्यांनी फाडलेलं होतं आणि वरच्या पुस्तकावर डाग होता. हेडमास्तर म्हणाले, हे तर वापरलेलं आहे, याचा जाब कोण विचारणार, हे वर्गात ठेवा. मी लगेच खोकं उचललं आणि वर्गात नेलं. आता त्यातल्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेत. एकाचं कव्हर गेलं होतं, ते मुलींनी मक्याच्या पिठाच्या खळीने चिकटवलं. चौथीतली एक मुलगी रोज एक पुस्तक घरी नेते आणि आजीला आमच्या भाषेत गोष्ट सांगते. आजीने ही बातमी बाजारात हेडमास्तरांना सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरं खोकं स्वतः उघडलं. आता सात उघडली आहेत. डाग असलेल्या पुस्तकासाठी रांग लागते. तो डाग कसला, असं मुलं विचारतात. मला माहीत नाही, पण पुढच्या वेळी सगळ्या खोक्यांना लावा."

मोरीनने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मसाले नाहीत, वसुधा. आता ते मी कोणाला समजावून सांगणार नाही." म्हणून आम्ही दुसरी युक्ती काढली. डेस्मंड प्रत्येक खोकं माझ्यापुढे ठेवायचा. मी वरचं पुस्तक घ्यायची, मधोमध उघडून पाठ चांगली मोडायची, दोन पानांचे कोपरे दुमडायची, आणि तारखेच्या शिक्क्याच्या लाल शाईत अंगठा बुडवून पहिल्या पानावर उमटवायची. लहानपणापासून पुस्तकाला पाय लागू नये म्हणून जपणारी मी. पहिल्या दिवशी प्रत्येक पुस्तकाला आधी नमस्कार केला. नंतर सवय झाली.

कधी पुस्तकं द्यायला आलेलं कोणी टेबलापाशी उभं असायचं. माझं ते मोडणं, दुमडणं, लाल अंगठा बघून न राहवून म्हणायचं, "अहो, अगदी नवीन पुस्तक आहे ते."

"म्हणूनच," मी म्हणायची, आणि डेस्मंड टेप ओढायचा.